शाळेच्या वेळेची गाडी

“ही गाडी तिथे थांबते का?” आईने विचारलं.

जेवणाच्या टेबलावर मी जपानचा नकाशा पसरला होता. शेजारी लॅपटॉप उघडा. तोक्योला उतरायचं, तीन दिवस तिथे काढायचे, मग बुलेट ट्रेनने क्योतो, तिथून हिरोशिमा आणि परतीचं विमान ओसाकाहून, असा बेत मी तिला बोटाने रेघ ओढत समजावत होतो. तिचं बोट मात्र माझ्या रेघेवर नव्हतं. ते नागोयाच्या खाली, समुद्राच्या कडेकडेने सरकत होतं.

“तिथे म्हणजे कुठे?”

तिने गावाचं नाव घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. गाव लहान आहे आणि या गोष्टीतली काही माणसं अजून तिथेच राहतात.

“नाही थांबत,” मी म्हणालो. “तिकडे बुलेट ट्रेन जातच नाही. नागोयाला उतरून दुसरी गाडी, मग ती सोडून ती दोन डब्यांची...”

“मला काय सांगतोस? मी दोनदा गेलेय त्या गाडीने. एकदा जाताना हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता. एकदा काही नव्हतं.”

मी लॅपटॉप मिटला.

पहिल्यांदा ती गेली होती केतकीच्या बाळंतपणाला. केतकी माझी धाकटी बहीण. जपानी आधी मी शिकलो, ऑफिसच्या कामापुरतं. माझीच पुस्तकं वाचून ती शिकली आणि बघता बघता माझ्या कितीतरी पुढे गेली. नागोयात नोकरी, तिथे भेटलेला कोइची, लग्न, आणि मग त्याच्या गावी संसार. मुलगी झाली, तिचं नाव हाना. हाना म्हणजे फूल. आई तिला बकुळ म्हणायची. त्या वेळी आई तिथे चांगली सहा महिने राहिली. शेजारच्या नाकानोबाईंकडून मुळ्याचं लोणचं शिकली, त्यांना लिंबाचं शिकवलं. दोघींना एकमेकींच्या भाषेतला शब्द येत नव्हता, पण अंगणात बसून तासन्‌तास बोलायच्या. कोइची तिला ‘आई’ म्हणायचा. जपानी शब्दाने नाही, आपल्याच.

दुसऱ्यांदा आम्ही दोघंही गेलो. केतकी चौतीस वर्षांची होती. अंडाशयाचा कॅन्सर, कळेपर्यंत सगळीकडे पसरला होता. तिकडे दहन झाल्यावर घरची माणसं लांब काड्यांनी अस्थी उचलतात, एक अस्थी दोघांनी मिळून. आईने आणि कोइचीने उचलल्या. आईचा हात जराही हलला नाही. कोइचीचा हलत होता, आणि ती त्याला मराठीतच म्हणत होती, “सावकाश. सावकाश.” साडेचार वर्षांची हाना नाकानोबाईंच्या मांडीवर झोपली होती.

दोन वर्षांनी कोइचीने पुन्हा लग्न केलं. त्यात वावगं काही नव्हतं. आईच म्हणाली, पोरीला आई हवी. पण लग्नानंतर त्याचा मला फोन आला. फार नम्र जपानीत बोलत होता. हाना नव्या आईला आई म्हणू लागली आहे, आधीचं विसरत चालली आहे, घराची घडी बसायला वेळ द्यायला हवा. तेव्हा तुम्ही फोन करू नये, काही पाठवू नये, आणि कृपा करून घरी येऊ नये. मोठी झाली की मी स्वतः तिला सांगेन. फोनचा स्पीकर चालू होता आणि मी एकेक वाक्य आईला मराठीत सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

“त्याला सांग,” ती म्हणाली, “मी त्याच्या दारात येणार नाही. शब्द दिला म्हणावं.”

त्यानंतर वाढदिवसाला पाठवलेली दोन पार्सलं तशीच परत आली. मग तिने पाठवणं बंद केलं. हानाचं नावही ती फारसं घेईना. आई कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. समोरच्याने फोन ठेवला म्हणजे ठेवला, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

म्हणून सहा वर्षांनी, एका जानेवारीत, तिने आपण होऊन “मला परत जपानला जायचंय, तू चल” असं म्हटलं, तेव्हा मला बरंच वाटलं. मेघना, माझी बायको, म्हणाली, “घेऊन जा त्यांना. फुलं बघतील, चार देवळं बघतील. मन मोकळं होईल.” साकुराच्या फुलांचे दिवस धरून मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचा बेत आखला होता. आई त्यालाही तयार नव्हती.

“पंधरा तारखेच्या पुढे जाऊ.”

“अगं, तोपर्यंत फुलं गळून जातील.”

“गळू देत. पहिल्या आठवड्यात तिकडे शाळांना सुट्टी असते.”

“शाळांचं आपल्याला काय करायचंय?”

तिने ताटातली अर्धी भाकरी बाजूला सारली. त्या दिवसांत ती जेवायचीच कमी. पोट गच्च झालंय म्हणायची, ओवा चावायची.

“आई, आपण त्यांच्या घरी जायचं नाही,” मी म्हणालो.

“नाहीच जायचं. शब्द दिलाय ना.”

“मग त्या गावात जाऊन करायचं काय?”

“नाकानोबाईंना भेटायचं. नव्वदीला आल्यात त्या. आणि गाडीत बसायचं.”

“कुठल्या गाडीत?”

“तू आधी तिकिटांचं बघ,” ती म्हणाली. “क्योतो-हिरोशिमा नंतरचं ठेव. आधी तिथे. आणि तिथून पुढची तारीख नक्की करू नकोस. दोन दिवस लागतील, चार लागतील.”

मी प्रवासाचा सगळा क्रम उलटा केला. हिरोशिमा काढून टाकलं. मला वाटलं, केतकी जिथे राहिली ते गाव तिला एकदा डोळे भरून बघायचंय. म्हाताऱ्या माणसाला एवढं वाटणारच.

नागोयाच्या फलाटावर तिच्यासाठी डबा घेतला. तिने त्यातला भात दोन घास खाल्ला आणि झाकण लावून ठेवला. दुपारनंतर ती दोन डब्यांची गाडी मिळाली. एकेरी रूळ, एका बाजूला डोंगर आणि त्यावर संत्र्यांच्या बागा, दुसऱ्या बाजूला सिमेंटची भिंत आणि भिंतीपलीकडे समुद्र. आई खिडकीशी बसली होती. प्रत्येक स्टेशन आलं की पुढच्याचं नाव आधीच पुटपुटायची. एकही चुकली नाही.

संध्याकाळी आम्ही स्टेशनजवळच्या लहानशा खानावळीवजा मुक्कामाच्या घरात उतरलो. नाकानोबाईंकडे जाऊन आलो. त्या पार वाकल्या होत्या. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. त्यांच्या फोनमध्ये भाषांतर करणारं काहीतरी होतं. त्यात एक बाई सपाट आवाजात मराठी बोलायची. त्या दोघी गेली काही वर्षं त्याच बाईच्या तोंडून एकमेकींशी बोलत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

परतताना आई म्हणाली, “उद्या सकाळी शाळेच्या वेळेची गाडी पकडायची. शाळा भरण्याआधीची.”

मी थांबलो. “हाना जाते त्या गाडीने?”

“यंदा मोठ्या शाळेत गेली. इथून चौथं स्टेशन. नाकानोबाईंनी सांगितलं.”

“आई, तू शब्द दिला होतास.”

“दारात न यायचा दिला होता. गाडी काय त्याच्या बापाची आहे?”

“तू तिच्याशी बोलणार आहेस?”

“नाही.”

“शपथ घे.”

“नाही बोलणार म्हटलं ना, नंदू. तिला एक अक्षर सांगणार नाही. मला नुसतं तिथे बसायचंय.”

नाही म्हणणं मला जमलं नाही. मीही तिला आठ वर्षं पाहिलं नव्हतं.

सकाळी आई खोलीतून बाहेर आली ती लाल काठाची इरकल नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. तोक्योत ती माझ्या सांगण्यावरून पँट आणि लांब कोट घालून हिंडली होती.

“हे काय? सगळं गाव बघेल.”

“बघू दे,” ती म्हणाली आणि वरून स्वेटर चढवला.

गाडीत गर्दी नव्हती. निळ्या गणवेशातल्या पाच-सहा मुली फलाटावरून चढल्या. त्यातली हाना कोणती ते सांगावं लागलं नाही. उंच झाली होती. केस मागे घट्ट बांधलेले, रुंद कपाळ, आणि पाऊल टाकताना डावा खांदा किंचित पुढे. केतकी अशीच चालायची. रंग इतर मुलींपेक्षा सावळा. ती आमच्यासमोरच्या बाकावर, दोन माणसं सोडून बसली आणि मैत्रिणीच्या वहीत बघू लागली.

आई तिच्याकडे बघत होती. बघत होती म्हणजे टक लावून नाही. खिडकीतून समुद्र बघावा तशी, मधूनच, आणि परत. हानाने एकदा वर पाहिलं. साडी, कुंकू, आई. मग पटकन मान खाली घातली. तिकडे लोकांकडे असं बघत नाहीत.

चौथ्या स्टेशनावर मुली उतरल्या. आम्ही तसेच बसून राहिलो, शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो आणि परत आलो.

“झालं ना?” मी खोलीवर आल्यावर म्हणालो. “बघितलंस ना तिला? उद्या निघू या.”

“उद्या पण जायचं.”

दुसऱ्या दिवशी गाडी भरलेली होती. कसल्याशा बाजारासाठी म्हाताऱ्या बायका टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. आई दांडीला धरून उभी राहिली. वळणावर तिचा तोल गेला, मी तिला सावरलं, आणि तेवढ्यात हाना जागेवरून उठली.

“दोउझो,” ती म्हणाली. बसा.

आई बसली. “आरिगातो,” म्हणाली. एवढं तिला येत होतं. हाना हसली, मान लववली आणि दाराशी मैत्रिणीजवळ जाऊन उभी राहिली. माझ्यापासून हातभर अंतरावर.

मैत्रीण हलक्या आवाजात म्हणाली, “तुझी आजी शोभते बघ. रंगसुद्धा तोच.”

ती चिडवत होती. असं चिडवणं हानाला नवीन नसावं. तिने हसून तिला कोपर मारलं.

“काहीतरीच काय,” ती म्हणाली. “मी नाही त्यांच्यातली.”

मुली उतरल्यावर आईने विचारलं, “काय बोलत होत्या गं... काय बोलत होत्या रे?” तिची जीभ क्षणभर चुकली होती, अशी चूक ती केतकी गेल्यापासून कधीकधी करायची.

“गणिताचा पेपर आहे म्हणत होत्या.”

आईने मान हलवली. ज्या बाकावर हाना बसली होती त्याच्या कापडावर ती हात फिरवत होती. शेवटच्या स्टेशनावर ती उतरायला उठली आणि पुन्हा खाली बसली. चेहरा पांढरा पडला होता. मी पाणी दिलं.

“बस झालं आता,” मी म्हणालो. “मी क्योतोची तिकिटं काढतो.”

“अजून एक दिवस.”

“आणि उद्या काय होणार आहे?”

“बघ तू.”

तिसऱ्या दिवशी मुली चढल्या, पण त्यांत हाना नव्हती. मी आईकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती. दार बंद होता होता कोइची आत आला.

तो किती बदलला होता! केस पांढरे झाले होते, कोट खांद्यावर सैल झाला होता. तो सरळ आमच्यासमोर येऊन उभा राहिला आणि कमरेत वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

“मेढेकर-सान,” तो आईला म्हणाला. मेढेकरबाई.

आईने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला. “बसा, कोइची.”

तो बसला. गाडी सुरू झाली. मी समोर उभा होतो, दोघांच्या मध्ये, नेहमी ऑफिसच्या बैठकीत उभा राहतो तसा. तिथेही माझं काम हेच असतं.

“हानाने घरी सांगितलं,” कोइची म्हणाला. “गाडीत एक भारतीय बाई असतात, चमकत्या कपड्यातल्या, आणि त्या माझ्याकडे फार प्रेमाने बघतात, असं म्हणाली. आज मी तिला मोटारीने शाळेत पाठवलं.” मग तो थांबून म्हणाला, “मी आपल्याला विनंती केली होती.”

मी आईला सांगितलं.

“म्हणावं, मी शब्द मोडला नाही. दारात आले नाही आणि पोरीशी बोललेही नाही. मला तिला भेटायचंच नव्हतं. मला तुम्ही हवे होतात.”

मी भाषांतर करायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिलो.

“सांग ना.”

मी सांगितलं. कोइचीने मान वर केली.

“तुम्ही फोन नंबर बदललात,” आई म्हणाली, “पार्सलं परत आली तेव्हा नंदूने पाठवलेल्या ईमेलला ‘समजून घ्या’ एवढंच लिहिलंत. नाकानोबाईंना पाठवलं तर दारातून नमस्कार करून परत पाठवलंत. आणि असली गोष्ट मी त्या फोनमधल्या बाईच्या तोंडून सांगायची? साडी नेसून दोन दिवस पोरीच्या समोर बसले, म्हटलं, पोर घरी बोलेल आणि तुम्ही याल. आलात.”

मी हे सगळं जपानीत आणलं. माझ्या आवाजात काही जाणवलं असावं, कारण कोइची एकदम ताठ बसला.

“आता नीट सांग हं, नंदू. एक शब्द गाळू नकोस.” तिने पिशवीवर हात जुळवून ठेवले. “केतकीला झालं ते नुसतं तिचं नशीब नव्हतं. आमच्या रक्तात आहे ते. माझी बहीण कुसुम एक्केचाळिसाव्या वर्षी गेली, तिला छातीत झालं होतं. मग केतकी. आता मला झालंय.”

गाडी बोगद्यात शिरली. काचेत आम्हा तिघांचे चेहरे दिसत होते.

“काय म्हणालीस?” मी मराठीत विचारलं.

“आधी त्यांना सांग.”

“आई...”

“तुझं नंतर. त्यांना सांग. स्टेशन येईल.”

आजाराबद्दलचे शब्द मला जपानीत येत होते. केतकीच्या वेळी हॉस्पिटलात शिकलो होतो. अंडाशय. पसरणं. वारसा. मी ते एकामागून एक उच्चारले. ‘माझ्या आईला’ असं म्हणायला त्या भाषेत दोन शब्द आहेत, एक आपल्या आईसाठी साधा, एक दुसऱ्याच्या आईसाठी आदराचा. मी चुकून दुसरा वापरला. कोइचीने ते ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की हे मला आत्ताच, त्याच्याबरोबरच कळतंय.

“पुण्यात रक्त तपासलं,” आई सांगत होती. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोष आईकडून लेकराकडे जातो. गेलाच असेल असं नाही, पण निम्मी भीती असते. म्हणाल्या, तुमच्या मुलींना सांगा. म्हटलं, मुलगी नाही, नात आहे. तर म्हणाल्या, मग तिला कळलंच पाहिजे. विशीत एकदा तपासलं, आधीपासून लक्ष ठेवलं, वेळेत ऑपरेशन केलं, तर वाचतात पोरी. केतकीला कुणी सांगितलं नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. आता माहीत आहे.”

मी शेवटपर्यंत सांगितलं. डब्यातल्या शाळकरी मुली हसत उतरून गेल्या. कोइची गुडघ्यांवर मुठी ठेवून बसला होता.

“हानाला वाटतं, आता घरात आहे तीच तिची आई,” तो म्हणाला. “लहानपणचं तिला काही आठवत नाही. तिने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आधी म्हटलं, शाळेत गेली की सांगू. मग म्हटलं, मोठ्या शाळेत गेली की. माझ्या बायकोला मूल झालं नाही. हानाच आहे.” तो थांबला. “हे सांगायचं तर ते सगळंच सांगावं लागेल.”

“हो,” आई म्हणाली.

“ती मला माफ करणार नाही.”

“नाही करणार कदाचित.”

त्याने मुठी सोडल्या. मग म्हणाला, “वाकारिमाशिता.”

“समजलं म्हणतोय,” मी आईला सांगितलं.

“नुसतं समजलं म्हणतोय की करतो म्हणतोय?”

मी विचारलं. माझ्या कामात असं विचारत नाहीत. समोरच्याचा अपमान होतो. कोइची उठून उभा राहिला, चालत्या गाडीत दांडीला न धरता, आणि आईसमोर वाकला.

“विसाव्या वर्षी सांगेन. मी स्वतः दवाखान्यात नेईन. तोपर्यंत तिला आमच्या घरातली मुलगी राहू द्या.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. “राहू दे,” ती म्हणाली. मग मला म्हणाली, “माझं झालं म्हणावं. उद्या येणार नाही.”

पुढच्या स्टेशनावर तो उतरला. फलाटावर पाठमोरा उभा होता. आमची गाडी निघेपर्यंत तो वळला नाही.

शेवटच्या स्टेशनाबाहेर समुद्राकडे तोंड करून एक बाक होता. तिथे मी आईला बसवलं आणि मग माझा तोल सुटला.

“मला का नाही सांगितलंस? कधीपासून माहितीये तुला?”

“डिसेंबरपासून. एक्स्चेंजमधल्या लीलाला घेऊन गेले होते दवाखान्यात.”

“डिसेंबर! आणि डॉक्टर काय म्हणाले?”

“लगेच ऑपरेशन म्हणाल्या.”

“मग?”

“मग काय? तुला सांगितलं असतं तर तू मला इथे आणलं असतंस? आधी ऑपरेशन, मग औषधं, मग बरी झालीस की जाऊ म्हणाला असतास. केतकीचं आपण हेच म्हणत होतो ना, बरी झाली की.”

“शाळा उघडायची वाट बघत बसलीस तू. चार महिने!”

“एप्रिलच्या आधी ती गाडीने जात नव्हती, गावातल्याच शाळेत होती,” आई म्हणाली, जणू मी अगदीच साधी गोष्ट विचारली होती. मग माझ्या बाहीला धरून तिने मला खाली बसवलं. “आता तुझं. तूही तपासून घे. पुरुषांतूनही पुढे जातं म्हणे. इराला तिच्या वेळेला सांग. उशीर करू नकोस.”

इरा माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती.

क्योतोला आम्ही गेलो नाही. नागोयाहून तोक्योला येताना बुलेट ट्रेनमध्ये आई झोपून गेली, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. मी विमानाची तारीख अलीकडे आणली. परत आल्यावर आठवड्याभरात ऑपरेशन झालं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, चार महिने आधी केलं असतं तर फरक पडला असता का? त्या म्हणाल्या, “पडलाही असता. नक्की नाही सांगता येत.” त्यानंतर मी कुणाला ते विचारलं नाही. पुढच्या वर्षी संक्रांतीच्या आधी आई गेली. शेवटच्या महिन्यांत तिने हानाबद्दल एकदाही विचारलं नाही. मीच एकदा म्हटलं, “कोइची सांगेल ना गं?” तर म्हणाली, “त्याचा हात कापतो, पण तो टाकून पळत नाही.”

माझ्या रक्तात तो दोष निघाला. इराची तपासणी अजून व्हायची आहे.

नाकानोबाई आई जाण्याआधीच गेल्या. कोइचीकडून काही आलं नाही, मीही काही विचारलं नाही. वर्षं सरली. गेल्या हिवाळ्यात, मी ऑफिसातून निघत होतो, तेव्हा जपानच्या नंबरावरून फोन आला. मला वाटलं क्लायंट असेल.

“मेढेकर नंदकुमार-सान ना?” एका मुलीचा आवाज होता, एकदम औपचारिक. तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं. “माफ करा, अचानक फोन करतेय. हॉस्पिटलला कुटुंबातल्या आजारांची माहिती हवी आहे. आईच्या बाजूची. तुम्हीच सांगू शकाल असं कळलं.”

मी भिंतीला टेकलो. “विचार.”

तिने विचारलं, मी सांगत गेलो. आजीची बहीण, एक्केचाळीस, छातीचा. तुझी आई, चौतीस. तुझी आजी, अडुसष्ट. मामा, दोष आहे, अजून आजार नाही. पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज येत होता. प्रत्येक उत्तरानंतर ती “हाय”, म्हणजे हो, म्हणत होती.

“तुझा रिपोर्ट?” मी शेवटी विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “दर सहा महिन्यांनी तपासायचं म्हणालेत. पुढे ऑपरेशन.” मग म्हणाली, “बाबांनी विसाव्या वाढदिवसानंतर सांगितलं. मी आता नागोयात राहते. घरी जात नाही.”

“बाबांवर रागावू नकोस,” असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. मी कोण म्हणणारा?

ती फोन ठेवेल असं वाटलं. मग तिचा आवाज आला, तो औपचारिक नव्हता.

“त्या गाडीतल्या... त्या आजी होत्या ना?”

“हो.”

“मी त्यांना जागा दिली होती.”

“हो. मी होतो तिथे.”

“त्या माझ्याशी बोलल्या का नाहीत?”

मी तिला सांगायला लागलो. शब्द दिला होता, तुझ्या बाबांना; तुझं घर मोडू नये म्हणून; तू लहान होतीस. माझं ऑफिसातलं जपानी अडखळत होतं. तिने मध्येच थांबवलं.

“बोलायला हवं होतं,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणालो.